हाडे घ्या, घर सोडा

चित्रपट सुरू होऊन दहा मिनिटेही झाली नसतील, तोच मागच्या रांगेतून प्रश्न आला, "आवाज गेला काय वो?" आवाज गेला नव्हता. पडद्यावर कुणी बोलतच नव्हते. थोड्या वेळाने दुसरा प्रश्न आला, "रंग कधी येणार?" रंगही येणार नव्हता. विश्रामबागेतील एका छोट्या सभागृहात, भाड्याच्या प्रोजेक्टरवर, त्रिशरण-पंचशील घेऊन आम्ही पन्नासएक माणसे पोलंड देशातील एक काळा-पांढरा चित्रपट पाहत बसलो होतो. त्याचे नाव 'इडा'. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केले म्हणून तिला नाट्यपंढरी म्हणतात, त्या सांगलीत आमच्या लोकांना पडद्यावर काय दाखवावे याची चिंता कुणी फारशी केलेली नाही. जयंतीला मिरवणूक आणि गाणी, वर्षावासात ग्रंथवाचन, एवढ्यावर आपले सांस्कृतिक कार्य भागते. तेव्हा आम्ही हा चित्रपट दाखवायचे ठरवले, त्याला कार्यकर्त्यांतूनच विरोध झाला, हे प्रथम सांगितले पाहिजे. "वकीलसाहेब, आपल्या वस्तीत पाणी येत नाही आणि तुम्ही पोलंडचा पिक्चर दाखवताय?" असे एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने तोंडावर विचारले. त्यांचे चुकले असे आम्ही आजही म्हणणार नाही.

वाचकांपैकी बहुतेकांनी हा चित्रपट पाहिलेला नसेल, म्हणून कथा सांगतो. साल १९६० नंतरचे. ख्रिस्ती मठात वाढलेली अनाथ मुलगी अ‍ॅना, साध्वी होण्याची शपथ घेणार आहे. त्याआधी तिला सांगितले जाते की तुझी एक मावशी जिवंत आहे, तिला भेटून ये. मावशीचे नाव वांडा. ही बाई न्यायाधीश. पूर्वी कम्युनिस्ट राजवटीची सरकारी वकील होती आणि 'जनतेचे शत्रू' म्हणून तिने माणसांना फासापर्यंत पोहोचवले होते. आता दारू पिते, सिगारेट ओढते आणि न्यायासनावर बसून कुणी तरी तलवारीने फुलांची झाडे छाटली असले खटले ऐकते. ती भाचीला पहिल्याच भेटीत सांगते, तुझे नाव अ‍ॅना नाही, इडा आहे. तू ज्यू आहेस. तुझे आईबाप युद्धात मारले गेले. मग दोघी त्यांची हाडे शोधायला गावाकडे निघतात.

दिग्दर्शक पावेल पावलिकोव्स्की यांनी २०१३ मध्ये हा चित्रपट केला. लांबी अवघी ८२ मिनिटे. चौकट जवळजवळ चौकोनी, जुन्या फोटोसारखी. कॅमेरा हलत नाही. माणसांचे चेहरे चौकटीच्या तळाला आणि डोक्यावर मोकळी भिंत किंवा आभाळ. आमच्या शेजारी बसलेल्या निवृत्त एसटी कंडक्टरांनी हे बरोबर टिपले. "फोटो काढणाऱ्याला नीट काढता येत नाही काय? माणसं खाली आणि वर सगळी रिकामी जागा." नंतर त्यांनीच उत्तर दिले, "न्हाय, वरनं कायतरी दाबतंय त्यांना." आम्ही चित्रपटाविषयी पुस्तकी वाचलेले सगळे या एका वाक्यापुढे फिके पडले.

आणखी एक फजिती कबूल करतो. चित्रपट पोलिश भाषेत, खाली अक्षरे इंग्रजीत. म्हणून आम्ही हातात माईक घेऊन प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होतो. वकिलाच्या हातात माईक आला की काय होते हे आपण जाणताच. जिथे पडद्यावर शांतता होती तिथेही आम्ही बोलत होतो, समजावून सांगत होतो, हिटलर कोण, ज्यूंचे काय झाले, ६० लाख कसे मारले. अर्ध्या तासाने पुढच्या सतरंजीवरून एक आक्का मागे वळून म्हणाल्या, "साहेब, जरा गप बसा की. दिसतंय आमास्नी." आम्ही गप्प बसलो. त्यानंतर जे घडले ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

इडाच्या आईबापांना एका पोलिश शेतकऱ्याने लपवून ठेवले होते. त्यांचे घर आता त्याच शेतकऱ्याच्या मुलाच्या ताब्यात आहे. दारात उभ्या असलेल्या मावशीला तो सांगतो, इथे कुणी ज्यू राहत नव्हते. दोन वाक्यांनंतर उघड होते की घर ज्यूंचेच होते. शेवटी तो एक व्यवहार पुढे ठेवतो. माझ्या म्हाताऱ्या, मरणाला टेकलेल्या बापाला त्रास देऊ नका, घरावरचा हक्क सोडा, मी पुरलेली जागा दाखवतो. इडा कबूल होते. मग तो जंगलात जाऊन खड्डा खणतो आणि हाडे काढून देतो. आपणच मारले हे सांगतो. मला का नाही मारले, असे इडा विचारते. तो म्हणतो, तू तान्ही होतीस, कुणाला कळले नसते म्हणून पाद्र्याकडे दिली. मावशीचा लहान मुलगाही तिथेच होता. तो काळासावळा होता, सुंता झालेला होता. म्हणजे अंगावर खूण होती. तो वाचला नाही. हे सांगून तो माणूस त्याच खड्ड्यात बसून राहतो.

सभागृहात कुणी हलले नाही. दोन पोरे मोबाईल पाहत होती, त्यांनीही मान वर केली. आणि त्या शांततेत एका माणसाने, आमच्याच एका जुन्या पक्षकाराने, हळू आवाजात म्हटले, "साहेब, ही तर आपली तडजोड."

हे वाक्य आमच्यासाठी होते. इतरांना ते कळण्याचे कारण नव्हते. आता सांगतो.

कृष्णाकाठच्या एका गावातले हे कुटुंब. आजोबांची महार वतनाची जमीन. वतन म्हणजे काय होते हे या वर्तमानपत्राच्या वाचकाला सांगायला नको. गावाने रात्रंदिवस राबवून घ्यायचे आणि त्याबदल्यात जमिनीचा तुकडा दाखवायचा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले, ते या गुलामीतून सोडवण्यासाठी. शाहू महाराजांनी त्याआधीच १९१८ मध्ये कोल्हापूर संस्थानात महार वतन बंद केले होते. स्वातंत्र्यानंतर १९५८ चा कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलनाचा कायदा आला. वतन गेले, जमीन वतनदाराला नवीन शर्तीने पुन्हा मिळाली. शर्त अशी की जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय ती विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही. हेतू चांगला होता. परंतु कायद्याचा हेतू आणि गावचा व्यवहार यांची गाठ क्वचितच पडते. लग्नासाठी, आजारपणासाठी, दुष्काळात धान्यासाठी आजोबांनी शेजारच्या बड्या शेतकऱ्याकडून पैसे घेतले. साध्या कागदावर अंगठा दिला. पुढे नांगर त्याचा, पीक त्याचे, वहिवाट त्याची. सातबाऱ्यावर नाव आजोबांचे, मग तेही 'इतर हक्कात' सरकले. नातवाने दावा लावला, तो आमच्याकडे.

कागद एका पत्र्याच्या ट्रंकेत होते. त्यांतले दोन मोडीत होते. २०१९ च्या ऑगस्टमधील महापुरात ट्रंक घरासकट पाण्याखाली गेली. पाणी उतरल्यावर ट्रंकेत लगदा उरला होता. नकलांसाठी अर्ज केले तर मधल्या काही वर्षांचे फेरफार आढळून येत नाहीत, असा शेरा मारून एका कचेरीने कागद परत दिला. दावा लंगडा झाला. समोरच्या पक्षाने निरोप धाडला. त्या गटाच्या एका कोपऱ्यात आमच्या समाजाची पुरण्याची जुनी जागा होती. चार पिढ्या तिथे मातीत होत्या आणि बांधावरून प्रेत नेऊ देत नाहीत म्हणून दर मयतीला भांडण होत होते. निरोप असा की दोन गुंठे जागा आणि आठ फुटांची वाट कायमची लिहून देतो, दावा काढून घ्या. पक्षकार तयार झाला. दमला होता. आम्ही तडजोड पुरसीस लिहिली, लोकन्यायालयात दाखल केली, दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या, टाळ्या वाजल्या. नवीन शर्तीच्या जमिनीबाबत अशी तडजोड कायद्यात कितपत टिकते हा प्रश्न आम्हाला पडला होता. परंतु आम्ही तो तिथल्या तिथे मिटवून टाकला. पक्षकाराचे कल्याण झाले असे स्वतःला सांगितले. मिठाईही खाल्ली.

हाडांची जागा घ्या आणि जमीन सोडा. पोलंडातील त्या शेतकऱ्याने जंगलात जो सौदा केला, तो आम्ही काळा कोट घालून, कोर्ट फी स्टॅम्प लावून केला होता. आणि हे आम्हाला चित्रपट दोनदा पाहूनही दिसले नव्हते. आमच्या पक्षकाराला एकदा पाहून दिसले.

चित्रपट संपल्यावर चर्चा अपेक्षेपेक्षा लांबली. ज्यांनी विरोध केला होता ते ज्येष्ठ कार्यकर्तेच जास्त बोलले. त्यांचे म्हणणे, हा चित्रपट अन्याय दाखवतो पण अन्याय करणाऱ्याला शिक्षा दाखवत नाही. मावशी खिडकीतून उडी टाकून जीव देते. ती न्यायाधीश आहे, तिने खटला का भरला नाही? वकील म्हणून आम्हालाही हाच प्रश्न बोचला होता. जी बाई निरपराधांना फासावर चढवू शकली, ती आपल्या मुलाच्या मारेकऱ्याला कोर्टात उभे करू शकत नाही. आमचा निष्कर्ष असा की तिने कायद्याचा वापर सत्तेसाठी इतका केला होता की स्वतःसाठी न्याय मागायची वेळ आली तेव्हा तिचाच त्यावर विश्वास उरला नव्हता. एका तरुण वकीलभगिनीने याला हरकत घेतली. ती म्हणाली, "सर, कोर्टात गेली असती तर साक्षीदार कोण मिळाला असता? सगळा गाव फितूर." खैरलांजीचे नाव तिने घेतले नाही, पण २९ सप्टेंबर २००६ हा दिवस सभागृहातील प्रत्येकाला आठवला असावा.

अंगावरच्या खुणेविषयी एका शिक्षिकेने जे सांगितले तेही नोंदवतो. आपल्या अंगावर सुंता नाही, ती म्हणाली, पण भाड्याचे घर मागायला गेले की आडनाव विचारतात, आडनावावरून नाही कळले तर गाव विचारतात, गावावरून नाही कळले तर भिंतीवर फोटो कुणाचा लावणार ते विचारतात.

आता पोलंडमधील प्रेक्षकांचे काय झाले ते पाहू. २०१५ मध्ये 'इडा'ला परभाषिक चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. पोलंडच्या कुठल्याही चित्रपटाला त्या विभागात मिळालेले ते पहिले. देशाने नाचायला हवे होते. परंतु देशाची बदनामी होते म्हणून तिथल्या एका संघटनेने हजारो सह्यांचे निवेदन काढले. मागणी अशी की चित्रपटासोबत पाटी दाखवा, पोलंड त्या वेळी जर्मनांच्या ताब्यात होता, ज्यूंना आसरा देणाऱ्यास जर्मन ठार मारीत, तरी अनेक पोलिश लोकांनी ज्यूंना वाचवले. २०१६ मध्ये तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने चित्रपट दाखवला, तोही आधी टीकाकारांची चर्चा ऐकवून. दुसऱ्या बाजूने डाव्या विचाराच्या टीकाकारांनी विचारले, ज्यू बाई दाखवलीत ती नेमकी क्रूर कम्युनिस्टच का? या दुसऱ्या आक्षेपात आम्हाला तथ्य वाटते. पीडिताला पडद्यावर आणायचे तर आधी त्याच्या माथी काही पाप मारायचे, ही सवय आपल्याकडच्या सिनेमालाही आहे.

पहिल्या आक्षेपातील वस्तुस्थिती खोटी नाही, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. ज्यूंचा संहार जर्मन नाझींनी केला. ज्यूंना वाचवणाऱ्या ज्या परक्यांचा इस्रायलने गौरव केला आहे त्यांत पोलिश माणसे सर्वांत जास्त, ७ हजारांहून अधिक आहेत. परंतु १० जुलै १९४१ रोजी येडवाब्ने नावाच्या गावात ज्यूंना धान्याच्या कोठारात कोंडून जाळले, ते त्यांच्या पोलिश शेजाऱ्यांनी. तिथल्या स्मारकावर कित्येक वर्षे लिहिलेले होते की हे कृत्य जर्मनांनी केले. दगडावर कोरलेली खोटी फिर्याद! २००० साली यान ग्रॉस या इतिहासकाराने 'शेजारी' नावाचे पुस्तक लिहिले तेव्हा देश हादरला. सरकारी चौकशीत किमान ३४० माणसे मेल्याचे निघाले. २००१ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्वाश्निएव्स्की यांनी त्या गावात जाऊन क्षमा मागितली. आणि २०१८ मध्ये त्याच देशाने कायदा केला की नाझींच्या गुन्ह्यांत पोलिश राष्ट्राला दोषी म्हणणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद. जगभर ओरड झाल्यावर काही महिन्यांत कैदेची तरतूद काढावी लागली.

इतक्या दूरची हकीकत आम्ही का सांगतो आहोत? कारण आपल्याकडेही २०२५ मध्ये हेच झाले. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा हिंदी चित्रपट ११ एप्रिलला, जोतीरावांच्या जयंतीला प्रदर्शित व्हायचा होता. झलक बाहेर पडताच ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली. सेन्सॉर बोर्डाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' हे शब्द वगळायला लावले. ३ हजार वर्षांची गुलामी 'कित्येक' वर्षांची झाली. चित्रपट २५ एप्रिलला आला. सत्तर वर्षांपूर्वी, १९५४ मध्ये, आचार्य अत्र्यांनी 'महात्मा फुले' काढला होता. तोही काळा-पांढराच. बाबुराव पेंढारकर जोतीराव झाले होते, सुलोचनाबाई सावित्रीबाई. मुहूर्ताला बाबासाहेब स्वतः हजर होते, गाडगेबाबा पडद्यावर आले होते. त्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे रौप्यपदक मिळाले. सत्तर वर्षांत रंग आले, शब्द गेले.

'महार' आणि 'मांग' हे शब्द काढल्याने कुणाचा अपमान टळला? शिवी म्हणून ते शब्द वापरले तर कायदा आहेच. परंतु साक्ष म्हणून ते वापरले तर ती साक्ष पुसण्याचा अधिकार कुणाला? १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतील मांग समाजाच्या मुलीने निबंध लिहिला, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. निबंधाच्या नावातच मांग आणि महार हे शब्द आहेत. त्यात ती सांगते की मांग-महारांना त्यांच्या जमिनींवरून हुसकून लावून मोठमोठ्या इमारती उठवल्या, आणि त्या इमारतींच्या पायांत त्यांनाच तेल-शेंदूर पाजून पुरले. वाचकहो, पुरलेला इतिहास हा शब्दप्रयोग आपण अलंकार म्हणून वापरतो. त्या शाळकरी मुलीने तो पत्त्यासकट लिहून ठेवला आहे. जमीन घेतली आणि माणूसही त्याच जमिनीत पुरला. पोलंडच्या घराचीही गोष्ट तीच आणि आमच्या पक्षकाराच्या गटाचीही थोड्याफार फरकाने तीच.

हे आम्ही त्या रात्री सभागृहात सांगितले तेव्हा मघाच्याच आक्कांनी विचारले, "त्या पोरीनं लिवलेलं कुटं मिळंल?" आम्ही झेरॉक्स द्यायचे कबूल केले. मग त्या म्हणाल्या, "त्या बाप्यानं खड्डा सरळ जाऊन खणला. इकडंतिकडं शोधलं न्हाय. म्हंजे जागा त्याला रोज ठावं हुती." पुढे जरा थांबून, "गावाला सगळं ठावं असतंय."

एका मुलाने चित्रपटाचा शेवट कळला नाही म्हणून विचारले. इडा शेवटी काय करते? मावशीची साडी-चपला म्हणावी तशी तिची उंच टाचांची चप्पल आणि पोशाख घालून एक रात्र बाहेरचे जग पाहते, एका वाजंत्री तरुणाबरोबर राहते, आणि सकाळी पुन्हा साध्वीचे कपडे चढवून रस्त्याने चालू लागते. तेव्हा कुठे कॅमेरा तिच्याबरोबर हलतो. आमच्या तरुण वकीलभगिनीला हा शेवट पटला नाही. "ज्या धर्माने तिला तिचे नाव सांगितले नाही, त्याच धर्मात परत?" ती विचारत होती. आम्हाला १९५६ आठवले. आम्ही निघून आलो होतो, तिच्याकडे जायला दुसरी जागा नव्हती. कंडक्टरमामांनी मात्र निराळेच सांगितले. "परत गेली हे कशावरनं? रस्त्यावर हाय ती. पोचलेली दाखवली न्हाय." त्यावर बराच वेळ वाद चालला. चहा गार झाला. सभागृहाचा रखवालदार किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला.

पक्षकार शेवटपर्यंत थांबला होता. सांगली-मिरज रस्त्यावर वडापची वाट पाहत आम्ही दोघे उभे राहिलो. तो रागावलेला नव्हता, हे जास्त अवघड होते. "साहेब, तुमी वाईट केलं असं न्हाय म्हणत मी," तो म्हणाला. "आई वारली तवा वाटेनं नेली. कुनी आडवलं न्हाय." मग म्हणाला, "पर त्या इडानं हाडं घेतली तवा ती एकटी हुती. माजी दोन पोरं हायत. थोरला बारावीला हाय. त्यानं इचारलं तर मी काय सांगू, जमीन कशाला दिली?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. नवीन शर्तीचा भंग हा केवळ दोन पक्षांमधला व्यवहार नसतो, त्यात सरकारही एक पक्ष असते, एवढे आम्ही सांगितले. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीचा कागद आजवर कुणीही दाखवलेला नाही, हेही सांगितले. त्याला किती कळले माहीत नाही. वडाप आले, तो चढला.

सोमवारी आम्ही त्या तडजोडीच्या प्रमाणित नकलेसाठी अर्ज दिला आहे. दुसरा अर्ज, त्या गटाच्या सुरुवातीपासूनच्या सर्व फेरफारांसाठी, पक्षकाराच्या थोरल्या मुलाने स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात त्याने पणजोबांचे नाव पूर्ण लिहिले आहे आणि त्यापुढे, आम्ही न सांगता, 'महार वतनदार' असे लिहिले आहे. आम्ही ते खोडले नाही.